मुलगी म्हणते महाधिवक्ता व्हायचंय. याची परीक्षा असते का?

शिवारमास्तर

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, लातूर जिल्हा. आमच्या घरात वकिली कुणी केलेली नाही. कोर्टाशी संबंध आला तो एका बांधाच्या भांडणात. अकरा वर्षं तारखा केल्या आणि हरलो. थोरली पुण्याला पाच वर्षांच्या लॉला आहे, यंदा तिसरं वर्ष. दिवाळीला आली होती. चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाताखाता मध्येच म्हणाली, "पप्पा, मला पुढं महाधिवक्ता व्हायचंय." तिच्या आईनं विचारलं, "म्हणजे जज का गं?" पोरगी हसली. मी हसलो नाही, कारण मीही तेच विचारणार होतो.

नेटवर बघितलं तर कुठं ॲटर्नी जनरल, कुठं सॉलिसिटर जनरल, कुठं जिल्हा सरकारी वकील. डोकं गरगरलं. याला एमपीएससीसारखी परीक्षा असते का? वयाची अट, पगार, पेन्शन? की आमच्यासारखं, सहशिक्षक, मग पदोन्नत मुख्याध्यापक, मग केंद्रप्रमुख, असं चढत जायचं? भावकीतले एक जण म्हणाले, "ते सगळं मंत्र्याच्या ओळखीचं काम आहे, तिला गुपचूप जेएमएफसीच्या, म्हणजे खालच्या कोर्टातल्या जजच्या परीक्षेच्या, तयारीला बसवा." जाणकारांनी सांगावं. पोरीला नाउमेद करायचं नाही, पण उगाच हवेतही सोडायचं नाही.

डबलबेल

मास्तर, भावकीतल्यांना मोडीत काढू नका. सरकार बदललं की महाधिवक्ता बदलतो, महामंडळाच्या अध्यक्षासारखा. मी कंडक्टर माणूस, एवढंच सांगतो की गाडी कुणीही चालवो, घंटी दुसऱ्याच्या हातात असते.

दुसरी रांग

मास्तर, मी औरंगाबाद खंडपीठात नऊ वर्षं सहायक सरकारी वकील होतो. (आता छत्रपती संभाजीनगर म्हणायला हवं, पण माझी सनद आणि माझी जीभ दोन्ही जुन्या.) आम्हाला कोर्टात एजीपी म्हणतात. मोठं मॅटर असलं की मुंबईहून महाधिवक्ता यायचे. पुढच्या रांगेत ते, आणि त्यांच्या पाठीमागे फायलींचा गठ्ठा मांडीवर घेऊन मी. म्हणून इथे हे नाव घेतलं. पुढच्या रांगेत कधी बसलो नाही, पण तिथे बसलेल्या माणसांच्या माना मागून पुष्कळ पाहिल्या. जजनं अडचणीचा प्रश्न विचारला की आधी मान बोलते, तोंड नंतर.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. राज्याचा पहिला वकील तो महाधिवक्ता, म्हणजे ॲडव्होकेट जनरल. घटनेचा अनुच्छेद १६५. केंद्राचा पहिला वकील तो ॲटर्नी जनरल, अनुच्छेद ७६. दोघांनाही बोलताना "एजी" म्हणतात, आणि पेन्शनवाल्यांचा एजी म्हणजे महालेखापाल, तो तिसराच. सॉलिसिटर जनरल हा दिल्लीतला दुसऱ्या क्रमांकाचा वकील, रोज टीव्हीवर दिसतो, पण घटनेत त्याचं नावही नाही. आणि कायदामंत्री हा यातला कुणीच नव्हे. तो राजकारणी. त्याला वकिली येत असली तर उत्तम, नसली तरी चालतं.

परीक्षा नाही. जाहिरात नाही, अर्ज नाही, मुलाखत नाही. राज्यपाल नेमतात, म्हणजे मंत्रिमंडळ ठरवतं आणि राज्यपाल सही करतात. पात्रता एवढीच की तो माणूस हायकोर्टाचा न्यायाधीश व्हायला लायक हवा. वकिलाच्या बाबतीत त्याचा अर्थ हायकोर्टात दहा वर्षं वकिली. मुदतही ठरलेली नाही, "राज्यपालांची मर्जी असेपर्यंत" असे शब्द आहेत. तुम्हाला गंमत वाटेल, पण ज्याला सेवापुस्तक नाही, वेतनश्रेणी नाही, निवृत्तीची तारीख नाही, असा माणूस विधानसभेत आणि विधान परिषदेत उभा राहून बोलू शकतो. मत मात्र देऊ शकत नाही. कोर्टात कुणी आधी बोलायचं याचाही क्रम ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम २३ मध्ये आहे. ॲटर्नी जनरल सगळ्यांच्या आधी, मग सॉलिसिटर, त्यांचे ॲडिशनल, मग राज्यांचे महाधिवक्ते, आणि त्यांच्यानंतर कोट्यवधी फी घेणारे सीनिअर.

तेव्हा चढत जायची शिडी अशी नाही. पण वाट आहे. मोतीलाल सेटलवाड १९३७ ते १९४२ मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते. पुढे २८ जानेवारी १९५० ला देशाचे पहिले ॲटर्नी जनरल झाले आणि १९६३ पर्यंत, तेरा वर्षं, राहिले. तेवढं पुन्हा कुणी राहिलं नाही. दफ्तरीही मुंबईचे महाधिवक्ता, मग पहिले सॉलिसिटर जनरल, मग सेटलवाडांच्या जागी ॲटर्नी. आपल्या काळात गुलाम वहानवटी तसेच गेले: १९९९ ला महाराष्ट्राचे महाधिवक्ता, २००४ ला सॉलिसिटर, २००९ ला ॲटर्नी. मुंबईच्या हायकोर्टातून दिल्लीला जाणारी ही जुनी पायवाट आहे. उलट सिरवईंनी १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षं आधी मुंबई राज्याचं आणि मग महाराष्ट्राचं महाधिवक्तापद सांभाळलं. संसदेला घटना कुठवर बदलता येते हे ठरवणारा केशवानंद भारती खटला १३ न्यायाधीशांपुढे ६८ दिवस चालला, त्यात ते केरळ सरकारच्या बाजूनं उभे होते. त्याच काळात घटनेवर जो ग्रंथ लिहिला तो आजही कपाटात नसला तर चेंबर अर्धं वाटतं.

पण हे सगळं तुमच्या मुलीला पुस्तकात सापडेल. पुस्तकात नाही ते एक सांगतो.

माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातली गोष्ट. १९७२ च्या दुष्काळात एका गावात पाझर तलाव झाला. जमीन गेली, मोबदला नाही, निवाडा नाही. तीसेक वर्षांनी शेतकऱ्यांची मुलं हायकोर्टात आली. खात्याकडून मला पॅरावाइज रिमार्क्स आले, म्हणजे याचिकेतल्या एकेका परिच्छेदाला खात्याचं उत्तर. त्यात लिहिलेलं की जमिनी राजीखुशीनं दिल्या, संमतीपत्रं आहेत. मी त्यावरून शपथपत्र तयार केलं, अधिकाऱ्यानं सही केली, दाखल केलं. दिवसाला चाळीस मॅटर बोर्डावर असायची. संमतीपत्रं कुठे आहेत हे मी विचारलं नाही.

अशीच आणखी बरीच प्रकरणं होती, म्हणून महाधिवक्ता स्वतः आले. नाव सांगणार नाही, ओळखत बसू नका. आदल्या रात्री सुभेदारी विश्रामगृहावर ब्रीफिंग. मी, खात्याचा कार्यासन अधिकारी आणि ते. जेवणाचं ताट बाजूला सारलेलं, पिठलं तसंच. त्यांनी माझं शपथपत्र उघडलंच नाही. खात्याची मूळ फाइल मागितली आणि ती मागून वाचायला घेतली. टिप्पणीची पानं, हिरवट, कडा कुरतडलेल्या. दहा मिनिटं खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग एका ओळीवर बोट ठेवून फाइल माझ्याकडे फिरवली. कुणा लिपिकानं लिहिलेलं: "मूळ संमतीपत्रे अभिलेखात आढळून येत नाहीत."

"हे शपथपत्रात का नाही?"

कार्यासन अधिकारी म्हणाला, "साहेब, ते अंतर्गत आहे."

ते त्याच्यावर ओरडले नाहीत. फोन उचलून थेट सचिवांना लावला. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मला ऐकू आलं ते एवढंच: "उद्या मी हे वाचणार नाही. मागे घेता का, की दुसरा वकील बघता?" मग बराच वेळ ऐकत राहिले. शेवटी "बरं" म्हणून ठेवला आणि थंड पिठलं खायला बसले.

सकाळी मॅटर पुकारलं. ते उठले, सरकार हे शपथपत्र मागे घेतं आणि आठ आठवड्यांत भूसंपादनाची कारवाई सुरू करतं, असं म्हणाले. कोर्टानं ते निवेदन लिहून घेतलं. तीन मिनिटांत संपलं. तुमच्या-माझ्यासारख्यानं असं काही म्हटलं तर कोर्ट विचारतं, लेखी सूचना आहेत का, दाखवा. महाधिवक्त्याचा शब्द तसाच घेतला जातो. त्या खुर्चीची खरी मालमत्ता ती. बाहेर पडवीत पांढऱ्या टोप्या घालून सहा-सात म्हातारे उभे होते. सगळं इंग्रजीत झालेलं. एकानं माझ्या गाऊनची बाही धरली, "वकीलसाहेब, आमचं जमलं का मोडलं?" मी सरकारचा वकील. त्यानं माझ्याच विरुद्ध याचिका केलेली. तरी मी सांगितलं, "जमलं."

गाडीत बसताना साहेब मला दोनच शब्द बोलले: "टिप्पणी वाचा." पुढची पाच वर्षं मी टिप्पणी वाचल्याशिवाय एकही शपथपत्र दाखल केलं नाही. खातं वैतागायचं.

मुलीला हे सांगा. लोकांना वाटतं महाधिवक्ता म्हणजे कोर्टात सरकारसाठी तावातावानं भांडणारा. भांडायला आम्ही आहोत की. त्याचं काम आदल्या रात्रीचं. सरकारला बंद खोलीत "हे चालणार नाही" असं सांगायचं, आणि उद्या सकाळी पद राहील की नाही याची चिंता न करता सांगायचं.

ते जमलं नाही तर काय होतं याचं उदाहरण १९७६ चं. आणीबाणीत अटकेतल्या लोकांना कोर्टात जाता येतं का, हा सुप्रीम कोर्टापुढचा प्रश्न. ॲटर्नी जनरल नीरेन डे. न्यायमूर्ती खन्नांनी विचारलं, एखाद्या पोलिसानं निव्वळ वैरापोटी कुणाला ठार मारलं तरी उपाय नाही का? डे म्हणाले, आणीबाणी आहे तोवर नाही. वकिलांत असंही सांगतात की जजना हादरवण्यासाठीच ते मुद्दाम तसं बोलले. असेल. पण पाच जजांतले चौघे हादरले नाहीत, एकटे खन्ना हादरले आणि पुढे त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. आपल्या नागपूर खंडपीठासकट नऊ हायकोर्टांनी आधी कैद्यांच्या बाजूनं कौल दिला होता, तो सगळा पुसला गेला.

उलट बाजू १९५८ ची. आयुर्विमा महामंडळाचा पैसा उद्योगपती मुंदडाच्या कंपन्यांत गेला, त्याची चौकशी न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत उघड्यावर केली, लोकांना ऐकू जावं म्हणून कर्णे लावून. सरकारचेच ॲटर्नी जनरल सेटलवाड तिथे उभे राहिले, पण सरकारवर पांघरूण घालत बसले नाहीत. अर्थमंत्र्यांना जावं लागलं. सेटलवाड त्यानंतरही पाच वर्षं पदावर होते. हे मला त्या प्रकरणातलं सगळ्यात मोठं वाटतं, आणि ते श्रेय नेहरूंनाही आहे.

संत्राबर्फी

दुसरी रांग दादा, पाझर तलावाचं वाचून आमच्या हिवाळी अधिवेशनातल्या रात्री आठवल्या. मी नागपूरला प्रॅक्टिस करते.

मास्तर, तुमच्या वयाच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या नागपुरातच लागलंय. तेव्हा नागपूर मध्य प्रांताची, म्हणजे जुन्या मध्य प्रदेशाची, राजधानी. टी. एल. शेवडे यांना महाधिवक्ता नेमलं, तेव्हा ते साठीच्या पुढं. हायकोर्ट जजची निवृत्ती त्या काळी साठाव्या वर्षी. करकरे नावाचे गृहस्थ कोर्टात गेले, की जो आता जज होऊ शकत नाही तो महाधिवक्ता कसा? १९५२ चा निकाल, करकरे विरुद्ध शेवडे. कोर्ट म्हणालं, निवृत्तीचं वय ही जजच्या नोकरीची मुदत आहे, पात्रता नाही. महाधिवक्त्याला ते लागत नाही. घटना लागू होऊन दोनच वर्षं झालेली आणि दोन मराठी आडनावांनी देशभराचा प्रश्न मिटवून टाकला. अजूनही हाच दाखला देतात. त्यामुळं पोरीला म्हणा, घाई नाही, सत्तरीतही होता येतं.

आणि डबलबेल म्हणतात ते अर्धंच खरं. सरकार गेलं की राजीनामा द्यायचा हा पायंडा आहेच. १९७७ ला जनता सरकार आलं तसे आपले एस. व्ही. गुप्ते ॲटर्नी जनरल झाले, १९७९ ला सरकार पडलं तसे गेले. पण सरकार तेच असून जाणारेही असतात. श्रीहरी अणे २०१६ च्या मार्चमध्ये गेले, वेगळ्या मराठवाड्याबद्दल बोलले म्हणून. विदर्भाबद्दल ते आधीपासून बोलतच होते. आता राज्याचा वकील राज्य तोडायचं म्हणतो हे बसतं का, यावर आमच्या बार रूममध्ये अजून चहा थंड होतो. माझं मत विचाराल तर माणसाला मत असू द्यावं, पण ते गाऊन उतरवून मांडावं. बाकीच्यांचं मत वेगळं आहे आणि ते मोठ्यांदा आहे.

म्हापशेकर

आमच्या गोव्याचं सांगतो. ३० मे १९८७ पर्यंत आम्ही केंद्रशासित, त्यामुळे घटनेतला महाधिवक्ता आम्हाला नव्हताच. अनुच्छेद १६५ राज्यांसाठी आहे. राज्य झालो तेव्हा ही खुर्ची आली. म्हणजे गोव्यातल्या पोरांना हे स्वप्न बघायची सोय होऊन चाळीस वर्षंही झालेली नाहीत.

पण सेटलवाडांचं नाव निघालं म्हणून राहवत नाही. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली स्वयंसेवकांनी सोडवली, त्यात गोमंतकीय आणि महाराष्ट्रातले किती होते हे इथे सांगायला नको. पुढच्याच वर्षी डिसेंबरात पोर्तुगालनं भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. म्हणणं असं की दमणहून दादऱ्याला जायची वाट भारतानं अडवली. भारताच्या बाजूनं तिथे सेटलवाड उभे. १९६० ला निकाल आला. साध्या माणसांना आणि मालाला वाट होती, सैन्याला आणि हत्यारबंद पोलिसांना नव्हती, आणि भारतानं जे केलं ते चुकीचं नव्हतं. वडील तेव्हा मुंबईत होते, सांगायचे की गिरगावातल्या गोवेकरांच्या खोल्यांत तो निकाल नाटकाच्या संवादासारखा मोठ्यानं वाचून दाखवला. मास्तर, बांधाचं भांडणच की ते. फक्त बांध दोन देशांचा.

शिवारमास्तर

सगळ्यांचे आभार. हा धागा मुलीला पाठवला, तिनं रात्री जागून वाचला. तिचा प्रश्न आहे (मी टाइप करतोय, शब्द तिचे): "आजवर बाई किती झाल्या?" आणि माझा प्रश्न जेएमएफसीचा अजून तसाच आहे. तिच्या आईचा प्रश्न पगाराचा.

संत्राबर्फी

ॲटर्नी जनरल म्हणून सेटलवाडांपासून आतापर्यंत चौदा माणसं. सोराबजी आणि मिलन बॅनर्जी दोनदा झाले, तरी माणसं चौदाच. बाई शून्य. ॲडिशनल सॉलिसिटर जनरल म्हणून पहिली बाई इंदिरा जयसिंग, तीही २००९ मध्ये. घटना लागू झाल्यावर एकोणसाठ वर्षांनी! तिला म्हणा, जागा रिकामी आहे.

दुसरी रांग

पगाराचं. पगार नाही, ठरावीक मासिक रक्कम आणि दर मॅटरमागे फी, सरकारी दरानं. खासगीत तोच वकील एका दिवसात जे घेतो त्याच्यापुढे ती किरकोळ. सरकारविरुद्ध वकीलपत्र घेता येत नाही ही मोठी झळ, कारण आपल्याकडे निम्मे खटले सरकारविरुद्धच असतात. एजीपीची तर गोष्टच सोडा. आमची बिलं मंजूर होताहोता पोरं दहावीतून बारावीत जायची. वहिनींना सांगा, पहिली दहा वर्षं यात पैसा बघू नका, नाही तर रोज डोकं फिरेल.

जेएमएफसी. वाईट सल्ला नाही तो, फक्त वाट वेगळी आहे. तिकडे जज होऊन चढत जाता येतं, तिथे सेवापुस्तक, पेन्शन, सगळं. पण आता कॉलेजातून थेट नाही. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं परत तीन वर्षं वकिलीची अट घातली. म्हणजे काही झालं तरी पोरीला तीन वर्षं कोर्टात उभं राहायचंच आहे. तेवढ्यात तिचं तिला कळेल.

ती तीन वर्षं कुठे काढायची हे मात्र सांगतो. सरळ मुंबईला पळू नका. आपल्या तालुक्याच्या कोर्टात वर्षभर बसू दे. सातबारा, फेरफार, मोजणी, पंचनामा हे ज्याला हातानं चाळता येत नाही तो हायकोर्टात सरकारची फाइल वाचू शकत नाही, कारण सरकारची फाइल म्हणजे शेवटी कुणा तलाठ्यानं कुठं तरी लिहिलेली ओळच. मग खंडपीठात या. एजीपीच्या यादीत नाव लागायला ओळख लागते का? लागते, खोटं कशाला बोलू. माझंही कुणीतरी सुचवलं होतं. पण सुचवलेल्यांतले कितीतरी जण "सूचना घेतो" म्हणत वेळ काढतात आणि घरी जातात. जज लोकांना सहा महिन्यांत कळतं, कोणाच्या शब्दावर ऑर्डर लिहायची. ते नाव एकदा झालं की पक्ष कुठलाही असो, अडचणीच्या वेळी सरकार त्यालाच शोधतं.

वहानवटींचं मघाशी लिहायचं राहिलं. २००८ च्या जानेवारीत ते सॉलिसिटर जनरल होते, तेव्हा टूजीच्या, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या परवान्यांच्या, प्रसिद्धिपत्रकाचा मसुदा त्यांच्याकडे आला आणि त्यांनी फाइलवर चार ओळींचा शेरा लिहिला, ठीक दिसतं अशा अर्थाचा. २०१३ ला, देशाचे ॲटर्नी जनरल असताना, त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून त्या चार ओळींबद्दल उत्तरं द्यावी लागली. त्या खटल्यात पुढे सगळे सुटले ते वेगळं. पण मी ते वाचलं त्या दिवशी घरी जाऊन माझ्या जुन्या डायऱ्या काढल्या होत्या, आपण कुठे काय शेरा मारलाय ते बघायला.

डबलबेल

आम्हाला वाटायचं फक्त कंडक्टरच्या मार्गपत्रकाचीच चौकशी लागते.

शिवारमास्तर

उशिरा लिहितोय, माफी असावी. पोरगी परवा सुट्टीला आली. जेवण झाल्यावर काही न बोलता माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली आणि आमच्या बांधाच्या केसचा गठ्ठा घेऊन ओसरीवर बसली. मागून वाचायला सुरुवात. आम्ही टीव्ही बघत होतो. अकराच्या सुमाराला हाक मारली. मोजणीच्या कागदावर माझ्या वडिलांची सही आहे, हजर होते म्हणून. तिथं जी तारीख आहे त्या दिवशी वडील सोलापूरला डोळ्याच्या ऑपरेशनसाठी भरती होते. हे मला पक्कं आठवतं, डबा मीच नेत होतो. पण अकरा वर्षांत तो कागद मी कधी उलटून बघितला नाही, आमच्या वकिलांनीही नाही. निकाल लागून चार वर्षं झाली, अपील केलेलं नाही. वडीलही गेले.

ती कागद हातात धरून नुसती बघत बसली होती. तिची आई म्हणाली, "आधी दूध घे."

दुसरी रांग

तो कागद इथं टाकू नका. तिला एवढंच विचारा, मोजणीची नोटीस बजावल्याचा कागद गठ्ठ्यात आहे का, आणि असेल तर त्याच्यावर सही कुणाची आहे.